मेपलचे व्हिडिओ आणि आपला फायकस: दाटलेल्या फांद्या विरळ कशा कराव्यात

बोन्साय शिकायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात यूट्यूब आपल्याला जपानी मेपलपाशी नेऊन सोडतं. हिवाळ्यातलं निष्पर्ण झाड फिरत्या टेबलावर ठेवलेलं असतं, एकेक काडी सुटी दिसत असते आणि कुणी आजोबा शांतपणे टक् टक् करत फांद्या कमी करत असतात. ते बघून आपण आपल्या गॅलरीतल्या फायकसकडे, म्हणजे वड-पिंपळाच्या जातकुळीतल्या झाडाकडे, वळतो, तर तिथे नुसता हिरवा गठ्ठा. कुठली फांदी कुठून निघाली तेच कळत नाही. मग बाहेरून गोल कात्री फिरवायची, की झाली छाटणी.

हा लेख त्या गठ्ठ्यासाठी आहे. मेपलवरचं अर्धं तंत्र फायकसला जसंच्या तसं लागू पडतं आणि अर्धं मुंबईत सरळ सोडून द्यावं लागतं.

आधी मेपलचा निकाल लावू

मुंबईत मेपल ठेवावं का, हा प्रश्न दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतंच. माझं उत्तर: नका ठेवू. जपानी मेपल, म्हणजे एसर पाल्मेटम, हे थंड हवेचं पानगळीचं झाड. वर्षातले दोन-तीन महिने त्याला खरी थंडी लागते. त्या थंडीत ते झोपतं आणि वसंतात साठवलेल्या ताकदीवर फुटतं. आपल्याकडे जानेवारीतसुद्धा रात्रीचं सरासरी किमान तापमान १६-१७ अंशांच्या आसपास असतं. झाडाला झोपच मिळत नाही. एप्रिलपासून पानांच्या कडा करपायला लागतात आणि झाड दरवर्षी थोडं थोडं खंगत जातं. ट्रायडंट मेपल ऊन जरा जास्त सोसतं, पण थंडी त्यालाही हवीच.

ऑनलाइन मिळणाऱ्या बियांच्या पाकिटांवर निळ्याशार मेपलचे फोटो असतात. निळ्या पानांचं मेपल जगात कुठेच नाही, तेव्हा ते पैसे वाचवा. खरं बी मिळालं तरी ते आधी दोन-तीन महिने ओलसर ठेवून फ्रीजमध्ये गार करावं लागतं, आणि त्यातून रोप आलंच तर पुढचा प्रश्न पुन्हा मुंबईच्या हवेचा. काश्मीरहून येताना कुणी वहीत दाबून आणलेलं पानसुद्धा बहुतेक वेळा चिनारचं असतं. दोन्ही पानं पंज्यासारखी असल्याने गल्लत होते. चिनारची पानं फांदीवर एकाआड एक येतात आणि फळ गोल गोंड्यासारखं असतं. मेपलची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि बियांना पंख असतात.

ही समोरासमोरची जोडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गठ्ठा तयार कसा होतो

शेंड्याला ऊन मिळतं म्हणून शेंडा वाढतो. आपण तो खुडतो, की त्याच्या मागचे दोन-तीन डोळे, म्हणजे नव्या फुटव्यांचे कोंब, फुटतात. ते वाढले की पुन्हा खुडतो, पुन्हा फुटतात. नुसती बाहेरून कात्री फिरवत राहिलं तर वर्ष-दीड वर्षात पानांचं दाट कवच तयार होतं. आतल्या डहाळ्यांना ऊन मिळत नाही. त्यांची पानं पिवळी पडून गळतात आणि मग डहाळीच वाळते. झाडाची छत्री होते: वर कापड, आत नुसत्या काड्या. लांबून झाड भरलेलं दिसतं म्हणून मालक खूश असतो. खरी अडचण पुढे येते. फांदी लांबली म्हणून ती आखूड करायला जावं, तर मागे कापण्यासाठी एकही जिवंत डोळा उरलेला नसतो.

मुंबईत यात आणखी दोन भर पडतात. एक म्हणजे गॅलरीतला एकतर्फी उजेड. ग्रिलच्या बाजूला झाड भरभरून वाढतं आणि भिंतीच्या बाजूला उघडं पडतं. आठवड्याला कुंडी थोडी फिरवत राहिलं तर हे टळतं. दुसरी म्हणजे पावसाळा. दाट झाड जूनमध्ये भिजलं की आतून चार-चार दिवस वाळत नाही. पिठ्या ढेकूण (मिलीबग) या रस शोषणाऱ्या किडीला याहून चांगली जागा मिळत नाही. फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली, की समजा तो आत येऊन बसलाय.

कधी छाटायचं

मेपलचं वेळापत्रक पानगळीशी बांधलेलं आहे. मोठी छाटणी पानं गळल्यावर, कारण तेव्हा सांगाडा दिसतो. हिवाळा संपता संपता रस चढायला लागला की मेपलच्या कापातून पाणी झरत राहतं, म्हणून त्या काळात मोठा काप टाळतात. हे सगळं फायकसला लागू नाही. ‘हिवाळ्यात छाटा’ हे ऐकून डिसेंबरमध्ये फायकस कापला तर तो मरणार नाही, पण फुटायला उगीच वेळ लावेल आणि तुम्ही रोज जाऊन बघत बसाल.

मुंबईत विरळणीचा सगळ्यात चांगला काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत. हवा तापायला लागलेली असते, झाड जोरात असतं, कापलेल्या जागी दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात आणि पाऊस येईपर्यंत जखमा भरायला लागतात. शिवाय जूनमध्ये झाड मोकळं असतं, वारा खेळतो. दुसरी संधी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उकाड्यात.

भर पावसात मोठे काप घ्यावेत की नाही, यावर जुन्याजाणत्यांत एकमत नाही. पावसाळ्यात फायकस वाढतो छान, म्हणून काहीजण तेव्हाच सगळं उरकतात. झाड उघड्या गच्चीवर सतत भिजत असेल तर मी ऑक्टोबरपर्यंत थांबेन. छपराखाली असेल तर शेंडे खुडण्यापुरती कात्री चालवायला हरकत नाही.

एक अट मात्र कुठल्याही महिन्यात तीच. झाड निरोगी हवं, शेंड्यांवर नवी पानं उलगडत असायला हवीत. गेल्या दोन महिन्यांत कुंडी बदलली असेल, मुळं कापली असतील किंवा पानं गळत असतील तर कात्री कपाटात ठेवा.

हत्यारं

धारदार लांब पात्याची कात्री, जाड फांद्यांसाठी कॉनकेव्ह कटर, फवारणीची बाटली, जुनं फडकं, रद्दी पेपर आणि पुसायला सर्जिकल स्पिरिट. कॉनकेव्ह कटर खोलगट कापतो, त्यामुळे जखम भरून आली की फुगवटा न राहता खोडाशी सपाट मिळते. सुरुवातीला एकच महाग वस्तू घ्यायची झाली तर हीच घ्या. स्वयंपाकघरातली कात्री वापरू नका. ती फांदी कापण्याआधी चेंगरते, आणि फायकसचा चीक लागल्यावर ती पुन्हा स्वयंपाकघरात कुणी घेणारही नाही.

चिकाबद्दल आत्ताच सांगतो. फायकस कापला की पांढरा चीक ठिबकतो. तो कपड्यावर पडला तर वाळून काळपट डाग पडतो आणि धुऊन जात नाही. काहींच्या कातडीला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घाला आणि डोळ्याला हात लावू नका. कापावर पाणी फवारून ओलं फडकं दाबून धरलं की चीक लवकर थांबतो.

प्रत्यक्ष काम

आदल्या दिवशी झाडाला पाणी द्या. काम करताना कुंडी डोळ्यांच्या पातळीवर आणा, स्टुलावर उपडा डबा ठेवून त्यावर ठेवली तरी चालेल. वरून बघून छाटू नका, वरून फक्त पानं दिसतात. खाली वाकून खोडाकडून वर बघा. फांद्या कुठून निघतात, कुठे दुभंगतात आणि कुठे अडकतात, हे तिथूनच कळतं.

मेपलवाल्यांना हिवाळा जे फुकट देतो, ते आपल्याला हाताने करावं लागतं. बेचकी झाकणारी मोठी पानं देठ ठेवून कात्रीने कापा. प्रत्येक डहाळीच्या टोकाची दोन-तीन पानं राहू द्या. व्हिडिओत कुणी सगळं झाड निष्पर्ण करताना दिसेल. जोमदार फायकस मायक्रोकार्पा, म्हणजे जाडसर लंबगोल पानांचा प्रकार, तेही सोसतो, पण पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. बेंजामिना, म्हणजे टोकदार लोंबत्या पानांचा वीपिंग फिग, हा प्रकार तर अजिबात सोसत नाही. त्याच्या ज्या फांदीवर एकही पान उरलं नाही, ती फांदी बहुधा मागे वाळत जाते.

आता पहिली कात्री मेलेल्या काड्यांवर. शंका आली तर नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर गेलेली. ह्या काड्या काढल्यावर झाड निम्मं मोकळं होतं, आणि बऱ्याच नवख्यांना तेव्हा पहिल्यांदा आपल्या झाडाचा आकार दिसतो. इथे थांबून चहा घेतलात तरी चालेल. घाईत पुढचा टप्पा करू नये.

मग वाद नसलेल्या फांद्या: फांदीच्या पोटातून सरळ खाली जाणाऱ्या, पाठीवरून सरळ वर उभ्या राहिलेल्या, दोन फांद्यांच्या काखेत उगवलेल्या आणि उलट फिरून खोडाकडे निघालेल्या. पाठीवर उभी फांदी विशेष त्रास देते. तिला ऊन सगळ्यात जास्त मिळतं, ती भराभर जाड होते आणि जिच्यावर ती उभी आहे त्या फांदीचं टोक उपाशी पडतं.

या टप्प्याला नवखा माणूस हमखास उलटं करतो. आतल्या बारीक, किडकिड्या डहाळ्या ‘कचरा’ म्हणून साफ करतो आणि टोकाचे दणकट फुटवे ठेवतो. हात आत सहज जातो, झाड स्वच्छ दिसतं, समाधान वाटतं. पण त्या किडकिड्या डहाळ्या म्हणजे तुमची पुढच्या दोन वर्षांची फांदी असते. बाहेरचं दणकट टोक कापून वाढ आत वळवायची ती त्यांच्यावरच. मेपलमध्ये ही चूक फार महागात पडते, कारण जुन्या लाकडावर नवा डोळा फुटेलच याची खात्री नसते. फायकस जुन्या लाकडावरही फुटतो, म्हणून निभावतं, पण वर्ष वाया जातं. तेव्हा खोडाजवळची प्रत्येक हिरवी काडी आधी राखून ठेवा, मग बाकीचं.

एका जागी दोन

मेपलच्या छाटणीतून एकच नियम घ्यायचा असेल तर हा घ्या: जिथे फांदी दुभंगते तिथे दोनच फाटे ठेवायचे. मेपलचे डोळे जोडीने असल्यामुळे शेंडा कापला की दोन फुटवे येतातच. त्याच जागी पुन्हापुन्हा कापलं की तीन, चार, पाच येतात, सगळे एका बिंदूतून. तिथे रस जास्त खेचला जातो, लाकूड फुगतं आणि फांदीवर गाठ बसते. एकदा बसलेली गाठ जात नाही. ती कापून काढायची तर मागच्या बेचक्यापासून फांदी पुन्हा बांधावी लागते.

फायकसची पानं एकाआड एक असली तरी जुन्या कापाभोवती सुप्त डोळ्यांचा घोळका फुटतो, आणि गाठ तशीच बसते.

एक फांदी जवळून बघू. डावीकडची सगळ्यात खालची, करंगळीएवढी जाड. गेल्या वर्षी जिथे कापली होती तिथून पाच फुटवे आलेत. मधला सगळ्यात जाड, सरळ पुढे पळालाय, पानं मोठी, पेरं लांब. एक वर उभा. एक खाली. उरलेले दोन मध्यम जाडीचे, एक डावीकडे, एक उजवीकडे, आडवे पसरलेले. नवख्याचा जीव मधल्या जाड फुटव्यात अडकतो, कारण तोच सगळ्यात ‘छान’ दिसतो. नेमका तोच काढायचा. वरचा आणि खालचाही काढायचा. राहिले आडवे दोन. ते सारख्याच लांबीचे असतील तर एक थोडा आखूड करा, म्हणजे बेचकं गुलेरसारखं दिसणार नाही. काप बुडाशी घ्या. अर्धा सेंटीमीटर खुंटी सोडली तर तिच्यातूनच पुन्हा घोळका फुटतो.

पेन्सिलीपेक्षा बारीक कापाला काही लावावं लागत नाही, चीक वाळून तोंड बंद होतं. त्याहून मोठ्या कापाला बोन्सायची जखम-पेस्ट लावा. द्राक्षबागेत छाटणीनंतर लावतात ती मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट घरात असेल तर तीही चालते, फक्त निळा डाग काही दिवस दिसत राहतो.

आता उरलेले फुटवे आखूड करायचे. दोन-तीन पानं ठेवून पुढचं कापा. शेवटचं पान ज्या बाजूला आहे त्याच्या बगलेतला डोळा फुटणार आणि फांदी तिकडे वळणार. म्हणजे दिशा तुम्ही आधीच ठरवू शकता. आतल्या बाजूच्या पानावर कापलं तर फांदी आत शिरेल, बाजूच्या पानावर कापलं तर पसरेल. ही सोय मेपलमध्ये नाही. तिथे दोन्ही डोळे फुटतात आणि नको तो चोळून काढावा लागतो.

आणि कात्री सगळीकडे सारखी चालवू नका. झाडाचा जोर वर असतो. वरच्या तिसऱ्या भागात कात्री सढळ चालवा, खालच्या फांद्यांना जपा. सावलीत अशक्त झालेली खालची फांदी एकदा वाळली की त्याच जागी दुसरी मिळवणं अवघड, शेंडा मात्र दोन महिन्यांत परत येतो. पहिल्या खेपेला एकूण हिरवाईचा तिसरा भाग गेला की थांबा, मनात अजून दहा फांद्या असल्या तरी.

जाड मुळांवर कलम केलेला, ‘जिनसेंग’ नावाने विकला जाणारा फायकस असेल, तर कलमाच्या खालून येणारे फुटवे वेगळ्या पानांचे असतात. ते ठेवले तर वरचं कलम मागे पडतं. दिसले की काढा.

नंतरचे तीन आठवडे

झाड उजेडात ठेवा, पण एप्रिल-मेचं दुपारचं पश्चिमेचं ऊन आठवडाभर टाळा. सावलीत वाढलेली आतली पानं एकदम उघडी पडलेली असतात, ती भाजतात. पाणी कमी लागेल, कारण पिणारी पानं कमी झालीत. रोजच्या सवयीने ओतू नका, आइसक्रीमची काडी मातीत खोचून बघा, ओली निघाली तर उद्या. खत नवे फुटवे दिसल्यावर. आतल्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण सापडला असेल तर आता तो लपू शकत नाही. फवाऱ्याने धुऊन काढा आणि संध्याकाळी लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा द्रव साबण घालून फवारा. मध्यातून दुमडून पाकिटासारखी झालेली, लालसर ठिपक्यांची पानं म्हणजे थ्रिप्स ही बारीक कीड. ती पानं सरळ काढून पिशवीत बांधून टाका.

पंधरा-वीस दिवसांनी कापांच्या कडेला हिरवे टोकदार डोळे दिसतील. विरळणीचं अर्धं काम हे आहे, आणि लोक तेच विसरतात. हे डोळे कोवळे असताना बोटाने चोळले की निघतात, जखम होत नाही, हत्यार लागत नाही. प्रत्येक कापाजवळ हवे ते दोन ठेवा, बाकीचे काढा. दोन महिन्यांनी तेच काम कटर घेऊन करावं लागतं आणि तोवर गाठ बसायला सुरुवात झालेली असते. ठेवलेले फुटवे सहा-सात पानांचे होऊ द्या, मग दोनवर आणा. मेपलचे व्हिडिओ पाहून पान उलगडायच्या आतच प्रत्येक शेंडा चिमटीने खुडायची सवय लागली असेल तर ती सोडा. ते पूर्ण घडलेल्या झाडाची वाढ रोखण्यासाठी असतं. तुमच्या झाडाच्या फांद्यांना अजून जाड व्हायचंय.

मेपलची भूमिती शिकायचीच असेल तर

मुंबईत त्यासाठी उत्तम झाड आहे: नर्सरीत ‘जेड’ म्हणून मिळणारं, बारीक गोल पानांचं पोर्तुलाकेरिया. त्याचीही पानं समोरासमोर जोडीने येतात. एका पेराच्या वर कापलं की दोन्ही बाजूंनी फुटवा येतो, अगदी मेपलसारखा. दुभंगणं, त्यातला एक ठेवणं, पुन्हा दुभंगणं, हा सगळा सराव त्यावर स्वस्तात होतो, आणि ते ऊनही खातं. फक्त छाटल्यावर कापं वाळेपर्यंत पाणी देऊ नका, ते मांसल झाड आहे, कुजतं. पावसात छपराखाली घ्या.

निष्पर्ण सांगाडा बघायची हौस असेल तर पिंपळ आहे. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तो पानं टाकतो आणि लालसर पालवी फुटायच्या आधी काही दिवस उघडा दिसतो. त्याची पानं मात्र मोठी, बारीक फांद्यांची जाळी त्यावर फारशी होत नाही. बोगनवेलीवर मोठे काप जपून घ्या, तिचं लाकूड मऊ, पाणी मुरून आतून कुजतं. तिची विरळणी फुलांचा बहर ओसरल्यावर, आणि काट्यांमुळे हातमोजे घालूनच.

फायकसच्या कापलेल्या फांद्या टाकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीचे वीतभर तुकडे घ्या, चीक धुऊन टाका, वरची दोन पानं ठेवा आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) आणि वाळूत निम्मे खोचा. मार्चमध्ये लावले तर वरून प्लॅस्टिकची पिशवी घालून सावलीत ठेवा. पावसाळ्यात लावले तर पिशवीचीही गरज नाही. मुळं धरली की पुढच्या छाटणीचे प्रयोग आधी त्यांच्यावर करता येतील.